भुवया-पापण्यांची पहिली ट्रीटमेंट: हलकी सुरुवात कशी करावी

संभाजीनगरचा निराला बाजार असो, लातूरचा औसा रोड असो, नाहीतर गल्लीतलं घरगुती पार्लर, 'आयब्रो'च्या शेजारी आता टिंट (भुवया-पापण्यांना रंग देणं), ब्रो लॅमिनेशन (भुवईचे केस वरच्या दिशेने बसवणं), लॅश लिफ्ट (पापण्यांचे केस वर वळवणं) ही नावंही ऐकू येतात. आजवर धाग्यापलीकडे काहीच न केलेल्या बाईला यातलं नेमकं काय घ्यावं, कळत नाही. मग मैत्रीण म्हणते ते, किंवा पार्लरवाली म्हणते ते सगळं एकदम होऊन जातं. तसं करू नका. एका वेळी एकच गोष्ट करा, आणि सुरुवात अशा गोष्टीने करा जी नाही आवडली तरी थोड्या दिवसांत आपोआप निघून जाते.

आधी भुवयांना मोकळं सोडा

तीन-चार आठवडे प्लकर, धागा, ब्लेड काही लावू नका. उपटलेला भुवईचा केस पूर्ण वाढून यायला दीड-दोन महिनेही लागतात, म्हणून जितकं थांबाल तितका आकार द्यायला वाव राहतो. मधल्या काळात जरा अस्ताव्यस्त दिसेल, पण तेवढं सोसा. ज्यांच्या भुवया वर्षानुवर्षं बारीक कोरल्या गेल्यात त्यांच्या काही जागी केस परत येतही नाहीत. तिथे पेन्सिलने हलकं भरणं हाच चांगला उपाय.

मग आरशासमोर बसा

दिवसाउजेडी, खिडकीपाशी. एक पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरा. ती भुवईला जिथे टेकते तिथे भुवईची सुरुवात. तीच पेन्सिल नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपी न्या, तिथे कमान. आणखी तिरपी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की शेपटीचं टोक सापडतं. या तीन खुणांच्या आतला केस शक्यतो काढायचा नाही. दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात, तो हट्ट धरला की दोन्ही बारीक होत जातात.

आता स्वच्छ, कोरड्या जुन्या ब्रशवर थोडं कोरफडीचं जेल घ्या आणि केस वरच्या दिशेने विंचरा. लॅमिनेशन केल्यावर साधारण असंच दिसणार असतं. हे रूप घेऊन दिवसभर घरात वावरा. आवडलं तरच पैसे खर्च करा. पापण्यांसाठी मस्कारा लावून हीच तालीम करता येते.

क्रम कसा ठेवावा

पहिल्या खेपेला नुसता आकार. बऱ्याच जणींना एवढंच पुरतं, आणि मला स्वतःला तर नीट राखलेल्या दाट भुवईपुढे दुसरं काही लागतं असं वाटतच नाही. केस फिकट किंवा विरळ असतील तर पुढच्या खेपेला टिंट. त्याचा रंग तीन-चार आठवड्यांत उतरतो. आपल्या केसांपेक्षा एक छटा फिकट घ्या. काळेभोर केस असले तरी गडद तपकिरी रंगच चेहऱ्याला मऊ दिसतो. केस खाली झुकणारे किंवा आडवेतिडवे असतील तर लॅमिनेशन, आणि पापण्या सरळ खाली पडत असतील तर लॅश लिफ्ट. ही दोन्ही सहा-आठ आठवड्यांपर्यंत टिकतात. चिकटवायच्या खोट्या पापण्या आणि सुईने रंग भरणारं मायक्रोब्लेडिंग पहिल्या खेपेला नकोच.

पॅच टेस्टशिवाय रंग लावून घेऊ नका

इथे अजिबात घाई नको. रंगाचा थेंब कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, बाटलीवर सांगितलंय तितका वेळ ठेवून पुसायचा, आणि पुढचे ४८ तास ती जागा बघायची. खाज, लाली, पुरळ, सूज, काहीही दिसलं तर तो रंग आपल्यासाठी नाही. ॲलर्जी बरेचदा दुसऱ्या दिवशी उमटते, म्हणून 'पाच मिनिटं लावून बघू' याला अर्थ नाही. पूर्वी काळ्या मेहंदीने हाताला फोड आले असतील किंवा कलप लावून डोकं सुजलं असेल तर ते आधीच सांगा. कलपात आणि काळ्या मेहंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं, आणि एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. शुद्ध मेहंदीचा रंग तांबूसच येतो. दहा मिनिटांत काळाकुट्ट रंग देणारी 'हर्बल' मेहंदी असेल तर तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे.

घरात डोक्याला लावायचा कलप भुवईला फासणाऱ्या बायका मी पाहते तेव्हा जीव घाबरतो. त्याच्या पाकिटावरच इशारा छापलेला असतो: भुवया किंवा पापण्या रंगवण्यासाठी वापरू नये, अंधत्व येऊ शकते. हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्युअर' नावाच्या पापण्यांच्या रंगामुळे बायकांची दृष्टी गेली होती, आणि १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली त्यामागे अशीच प्रकरणं होती.

खुर्चीत बसल्यावर

धागा नवा तोडून घ्यायला सांगा. तो दातात धरण्याऐवजी मानेत अडकवणारी बाई मिळाली तर उत्तम, कारण धाग्याच्या कामातून चामखिळीसारखा संसर्ग पसरू शकतो. प्लकर स्पिरिटने पुसलाय का ते बघा. मुरुमांसाठी रेटिनॉलची क्रीम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नको, कातडी सोलून निघते. डोळे आलेले असतील, रांजणवाडी झाली असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि स्पष्ट बोला. आपल्याकडे पार्लरमध्ये सवयीने विचारतात, "बारीक करू काय?" तेव्हा मान डोलवू नका. सरळ म्हणा, "नको ताई, जाडी हाय तशीच राहू द्या, निस्ते खालचे सुटे केस काढा." एक भुवई झाली की आरसा मागा. दुसरीला हात लावण्याआधी बघितलं तर सुधारणा करता येते.

लॅश लिफ्टमध्ये काय होतं

लेन्स असतील तर काढून ठेवा. डोळे मिटून पाऊण ते एक तास पडून राहावं लागतं. खालच्या पापण्या पॅडखाली झाकतात, वरच्या पापणीच्या कातडीवर सिलिकॉनची छोटी पट्टी चिकटवतात आणि एकेक केस विंचरून तिच्यावर वर वळवून बसवतात. मग पहिलं लोशन केसाच्या आतले बंध सैल करतं आणि दुसरं ते नव्या वळणात पक्के करतं. केस कुरळे करायच्या पर्मिंगमध्येही हेच होतं. लोशन ठरल्यापेक्षा जास्त वेळ राहिलं तर केस वाकडे, कोरडे होतात, म्हणून ताई घड्याळ लावते का याकडे लक्ष असू द्या. डोळ्यात चुरचुरलं तर 'थोडं सहन करा' हे ऐकून गप्प बसू नका. लगेच सांगा आणि धुवून घ्या.

पहिले २४ तास आणि आपला उन्हाळा

लिफ्ट किंवा लॅमिनेशननंतर २४ तास पाणी, वाफ आणि घाम टाळायचा असतो. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो तेव्हा हे अवघड. त्या दिवसांत ऊन उतरल्यावरची वेळ घ्या, आणि त्या रात्री भाकरी थापायचं, चुलीपुढे बसायचं काम दुसऱ्या कुणाला द्या. चेहरा ओल्या रुमालाने, भुवया-पापण्या सोडून पुसा. काजळ आणि मस्कारा दुसऱ्या दिवसापर्यंत नको. त्यानंतर रोज रात्री एरंडेलाचं अगदी बारीक बोट भुवईवर फिरवलं तर केस मऊ राहतात, डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका.

लग्नासाठी करायचं असेल तर पहिला प्रयोग बस्त्याच्या सुमारास, महिना-दीड महिना आधी करा. तो मानवला तर पुन्हा करण्याची वेळ हळदीच्या चार-पाच दिवस आधीची धरा, म्हणजे लाली उतरते. हळद लावताना भुवया वगळायला करवल्यांना आधीच सांगून ठेवा. तेल आणि चोळणं दोन्हींनी टिंट लवकर जातो.

डोळा लाल होऊन दुखायला लागला, पापणी सुजली किंवा धूसर दिसू लागलं तर गुलाबपाणी, तूप असले उपाय करत बसू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग असतो. निघताना पार्लरमधल्या त्या बाटलीचा आणि तिच्यावरच्या घटकांच्या यादीचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.