हॅस्केलची पहिली कार्यशाळा आणि तुर्भ्याचा फाटा

हॅस्केल या फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला येताना लॅपटॉपवर सगळं आधीच चालू करून आणा. कॉलेजच्या वाय-फायवर चाळीस जण एकदम जीएचसीअप (हॅस्केलचा इन्स्टॉलर) उतरवायला लागले की पहिली सकाळ त्यातच जाते. प्रॉक्सी असेल तर डाउनलोड अर्ध्यावरच अडकतं. घरी डिस्कवर पाच-सहा जीबी जागा मोकळी करा. विंडोजवर इन्स्टॉलर सी ड्राइव्हवरचा जो फोल्डर सुचवतो तोच ठेवा, कारण फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की पुढे काही टूल्स अडतात. मग टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, जीएचसीआय (ओळ टाइप केली की लगेच उत्तर देणारं हॅस्केल) सुरू करा आणि दोन अधिक तीन विचारा. पाच आलं की झालं.

सरावाला फॅक्टोरियल नको. ते सी भाषेतही जवळपास तसंच लिहिता येतं. ट्रान्स-हार्बर मार्ग घ्या: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. स्थानक दिलं की पुढचं स्थानक सांगणारं फंक्शन लिहायचं आहे. आधी टाइप लिहा, कोड नंतर. 'स्ट्रिंग घेतो, स्ट्रिंग देतो' असं लिहिलंत की वाशीला अडता, कारण या यादीत वाशीच्या पुढे काहीच नाही. म्हणून उत्तराचा टाइप मेबी स्ट्रिंग, म्हणजे एक स्ट्रिंग किंवा काहीच नाही.

फंक्शन यादीच्या प्रत्येक रूपासाठी वेगळ्या ओळीत लिहायचं; त्या रूपाला पॅटर्न म्हणतात. यादीची रूपं तीन: रिकामी, एकच स्थानक उरलेली, दोन किंवा जास्त स्थानकांची. मधलं रूप विसरलात तरी कोड कंपाइल होतो, ऐरोलीचं उत्तर बरोबर देतो आणि वाशी विचारल्यावर 'नॉन-एक्झॉस्टिव्ह पॅटर्न्स' म्हणत कोसळतो. कंपायलरला जास्तीचे इशारे द्यायला लावणारा 'वॉल' फ्लॅग लावून ठेवला तर हा इशारा कंपाइल करतानाच मिळतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विचारलेलं स्थानक आणि यादीतलं पहिलं स्थानक, दोघांना पॅटर्नमध्ये एकच नाव देणं. कंपायलर 'कॉन्फ्लिक्टिंग डेफिनिशन्स' म्हणून नाकारतो. पॅटर्नमधलं प्रत्येक नाव नवं असतं. तुलना गार्डमध्ये, म्हणजे पॅटर्नपुढे उभ्या रेघेनंतर लिहिलेल्या अटीत करायची.

आता पनवेलची गाडी आणा. तुर्भ्यानंतर एक रूळ सानपाड्याकडे, दुसरा जुईनगर-नेरुळकडे. पुढची स्थानकं दोन झाली, मेबी पुरत नाही. उत्तर यादी हवं. वाशीला रिकामी यादी. पण चुकून 'तुर्बे' लिहिलं तरी रिकामी यादीच येते, म्हणजे शेवटचं स्थानक आणि चुकीचं नाव यांत फरकच उरला नाही. इथे स्ट्रिंग सोडा आणि स्थानकांचा स्वतःचा डेटा टाइप करा. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर रोमन कॅपिटल, शेवटी 'डिराइव्हिंग'मध्ये शो आणि इक्यू. ते राहिले तर छापताना किंवा तुलना करताना 'नो इन्स्टन्स' येतं. आता चुकीचं नाव कंपाइलच होणार नाही. दोन दिवसांत एवढं एक नीट उमगलं तरी कार्यशाळा वसूल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

स्थानकांची नावं मराठीत छापायची असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जीएचसीआयमध्ये नुसती स्ट्रिंग टाकली की 'त'च्या जागी तिरकी रेघ आणि २३४० दिसतं. डेटा बिघडलेला नसतो, 'शो' तसंच दाखवतो; पुट-स्ट्रिंग-लाइन वापरा. विंडोजवर त्यानंतरही 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' आलं तर आधी टर्मिनलमध्ये सीएचसीपी ६५००१ (टर्मिनल यूटीएफ-८ वर नेणारी आज्ञा) द्या.

दुसऱ्या दिवशी लेझी इव्हॅल्युएशन येतं, म्हणजे किंमत लागेल तेव्हाच काढणं. १९८७ साली पोर्टलंडच्या परिषदेत हॅस्केलची समिती नेमली गेली ती याचसाठी: अशा लेझी डझनभराहून जास्त भाषा झाल्या होत्या, एक सामाईक भाषा हवी होती. पहिला अहवाल १९९० चा. प्रयोगाला जीएचसीआयमध्ये एक ते एक कोटीची बेरीज फोल्ड-एलने (यादी डावीकडून एकेक करून गोळा करणारं फंक्शन) करा आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवा. बेरीज लगेच होत नाही, न केलेल्या बेरजांची साखळी मेमरीत वाढत जाते. चार जीबीच्या मशीनवर आधी बाकीचं काम सेव्ह करा. फोल्ड-एल प्राइम प्रत्येक पायरीला बेरीज करून टाकतं, मेमरी जागच्या जागी राहते.

एमटेक किंवा पीएचडीकडे वळणाऱ्यांनी आयएफएल या फंक्शनल भाषांवरच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाची पद्धत समजून घ्यावी. तिथे मसुदा घेऊन बोलता येतं. पूर्ण निबंध परिसंवादानंतर पाठवायचा आणि परीक्षण तेव्हा होतं. प्रश्नोत्तरांत जे निघेल ते निबंधात घालायला वेळ मिळतो, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं शब्दशः टिपायला शेजाऱ्याला वही देऊन बसवा.