अनेक याद्यांवर एकत्र फिरणाऱ्या लूपची वाक्यरचना कशी ठरवावी

स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा घडवताना दोन याद्यांवर जोडीने फिरणारा लूप (यादीतल्या एकेका घटकासाठी तीच कृती पुन्हा करणारी रचना) हवा असेल, तर चिन्हांचा विचार बाजूला ठेवून आधी एक निर्णय घ्यावा: याद्यांची लांबी सारखी नसेल तर काय करायचे?

समजा, नावे पाच आहेत आणि गुण चारच, कारण गैरहजर असलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा रकाना भरायचा राहून गेला. आखूड यादी संपताच लूप गुपचूप थांबला, तर तिसऱ्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात, पुढचे सगळे एकेक घर सरकतात, पाचवा निकालातून नाहीसा होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पायथॉन या भाषेत 2000 साली आलेले, याद्या जोडीने फिरवणारे ‘झिप’ असेच थांबते. लांबी तपासणारा ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय 2021 च्या 3.10 आवृत्तीत मिळाला, तोही मागितला तरच. टीसीएल या भाषेतला ‘फॉरईच’ लूप आखूड यादीच्या उरलेल्या जागी रिकामे मूल्य भरतो. माझे स्पष्ट मत असे, की असमान लांबी ही मुळातच चूक मानावी आणि थांबणे किंवा भरणे हवे असेल त्याने तसे शब्दांत लिहावे. लांबी आधीच ठाऊक असेल तर पहिल्या फेरीपूर्वीच तपासावी, म्हणजे अर्धा निकाल छापून झाल्यावर प्रोग्रॅम कोसळत नाही. एकापासून मोजत जाणाऱ्या अनंत मालिकेला मात्र ही अट लावू नये.

आता चिन्हे. ज्युलिया या भाषेत लूपच्या ओळीतला स्वल्पविराम एकात एक लूप (पहिल्या यादीच्या प्रत्येक घटकासाठी दुसरी यादी पूर्ण फिरणे) दर्शवतो, तर झिग या भाषेत तोच याद्या जोडीने फिरवतो. म्हणून एकट्या स्वल्पविरामावर विसंबू नये. शिवाय

प्रत्येक नाव, गुण : नावे, गुणयादी

या रचनेत चार याद्या झाल्या, की कोणते चल (यादीतला चालू घटक धरणारे नाव) कोणत्या यादीचे हे बोट ठेवून मोजावे लागते. त्यापेक्षा

प्रत्येक नाव : नावे सोबत गुण : गुणयादी

असे लिहिल्यास चल आपल्या यादीला चिकटून राहते आणि ‘सोबत’ हा शब्द हेतू सांगतो. एकात एक लूपसाठी वेगळे लघुरूप देऊच नये.

याद्यांच्या पदावल्यांची (ज्यांतून यादी मिळते त्या मजकुराची) किंमत डावीकडून उजवीकडे, प्रत्येकी एकदाच काढावी. ‘सोबत’नंतरच्या यादीत ‘नाव’ हे चल वापरले असेल, तर कंपायलरने (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या साधनाने) ते नाकारून आतला लूप वेगळा लिहायला सांगावे. लांबी जुळली नाही तर ‘नावे 5, गुणयादी 4’ असा दोन्ही आकड्यांसह, ओळ क्रमांक देणारा संदेश दाखवावा.