हातच्याची वजाबाकी घरी घ्यायची, तर आधी काड्या जमवा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवते. वर्गात हातच्याची वजाबाकी सुरू होते आणि नेमका तेव्हाच गावात कापूस वेचणीचा हंगाम असतो. मायबाप थकून घरी येतात. म्हणून इथं सांगते ते चुलीपाशी बसून, पोळ्या टाकता टाकता करून घेण्याजोगं आहे. तुम्हाला स्वतःला लिहितावाचता येत नसलं तरी अडत नाही.

तुराट्यांच्या ढिगातून बारीक फांद्या काढा आणि बोटाएवढ्या तोडून शंभर काड्या करा. दहा-दहाचे गठ्ठे लेकरानंच मोजून सुतळीनं बांधायचे. तुम्ही बांधून दिले, तर गठ्ठ्यात दहाच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही आणि ते दरवेळी सोडून मोजत बसतं.

आता ४२ मधून १७ काढायला सांगा. समोर ४ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या. सुट्या ७ द्यायच्या आहेत, हाती दोनच. इथं गप्प बसा. खरंच गप्प बसा, कारण आपल्या तोंडून लगेच "शेजारून एक उसना घे" निघतं. एका पोरीनं मला विचारलं होतं, "बाई, मग परत कधी द्यायचा?" बरोबरच होतं तिचं. उसनं काही नसतंच, गठ्ठा सोडायचा असतो. लेकरू जरा घुटमळेल, मग सुतळी सोडेल. आता ३ गठ्ठे आणि १२ सुट्या. त्यातून ७ गेल्या, ५ उरल्या; एक गठ्ठा गेला, दोन उरले. २५. मगच वहीवर मांडायचं: ४ खोडून ३, आणि २ च्या जागी १२. पडताळा म्हणून २५ आणि १७ पुन्हा एकत्र करायला लावा.

वहीत ३५ आलं, तर लेकरानं वरखाली न पाहता मोठ्यातून लहान वजा केलं: ७ मधून २, ४ मधून १. पोट्टं आळशी नाही, त्यानं आपल्यापुरता नियम बनवला आहे. रागावून तो मोडत नाही. तेच उदाहरण काड्यांवर करायला लावा.

शून्य आलं की जास्त अडतं. ५० वजा २३ चं उत्तर पुष्कळ जण ३३ लिहितात. सुटी काडी एकही नाही, हे डोळ्यांनी दिसलं की गठ्ठा आपोआप सुटतो. १०० वजा ३६ ला दहा गठ्ठ्यांचा मोठा भारा बांधा. आधी भारा सुटतो, मग त्यातला एक गठ्ठा: ९ गठ्ठे आणि १० सुट्या. उत्तर ६४.

तोंडी उदाहरणं कापसाचीच द्या. माय काल ३१ किलो वेचली, आज २४. काल कितीनं जास्त? "जास्त" ऐकलं की लेकरं बेरीज करून ५५ सांगतात. दोन्ही दिवसांच्या काड्या शेजारी शेजारी मांडा, जोडीला जोडी लावा. ज्या ७ बिनजोडीच्या राहतील तेच उत्तर.

'एकोणपन्नास' ऐकून कोणी ५९ लिहिलं, तर पाच गठ्ठ्यांतली एक काडी बाजूला काढून दाखवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा बराच वाद झाला. घरी तुम्ही एकवीसच म्हणा, पण दोन गठ्ठे आणि एक काडी हातात असू द्या.

पाढे? म्हणू द्या, चांगलंच आहे. पण पाढ्यानं वजाबाकी येत नाही.

रोज चार-पाच उदाहरणं पुरेत. डोळे मिटायला लागले की बंद करा. आणि चुकलेलं उत्तर खोडरबरानं पुसू नका, वही तशीच शाळेत पाठवा. ३५ दिसलं की लेकरू कुठं अडलंय ते मला कळतं. पुसून २५ केलेलं असेल, तर मी पुढचा धडा सुरू करून मोकळी होते.