डॅनव्हिलला येताय? आधी हद्द बघा, मग घर

मार्चमध्ये मॅचचा, म्हणजे अमेरिकेत कुठल्या नव्या डॉक्टरला कुठलं हॉस्पिटल मिळालं याचा, निकाल लागला की आठवड्याभरात फोन सुरू होतात. "ताई, गायसिंगरला रेसिडेन्सी लागली. एक जुलैला हजर व्हायचंय. गाव कसं आहे?" गायसिंगर म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या डॅनव्हिलचा मोठा दवाखाना, आणि रेसिडेन्सी म्हणजे तिथलं डॉक्टरांचं पुढचं प्रशिक्षण. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

गाव लहान आहे. म्हणजे खरोखरच लहान. 2010 च्या जनगणनेत 4,699 माणसं होती, 2020 मध्ये 4,221. आपल्याकडे एवढ्या वस्तीला कुणी शहर म्हणणार नाही. पेनसिल्व्हेनियात याला 'बरो' म्हणतात. स्वतःचं काउन्सिल, स्वतःचा महापौर. आपल्या नगरपंचायतीसारखंच समजा. दक्षिणेला सस्क्वेहॅना नदी, उत्तरेला माँटूर रिज नावाचा लांबलचक डोंगर, मधल्या पट्टीत गाव. या डोंगरातल्या लोहखनिजावरच गाव वाढलं. 1845 मध्ये इथल्या कारखान्यात रेल्वेचे टी-आकाराचे रूळ तयार झाले, आणि ते अमेरिकेतले पहिले, हे इथला माणूस तुम्हाला पहिल्या भेटीतच ऐकवेल. तेव्हा वेल्श, आयरिश, जर्मन कामगार आले. लोखंड संपलं आणि वस्ती आठ हजारांच्या घरातून निम्म्यावर आली. आता गाव जगतं ते दवाखान्यावर. ॲबिगेल गायसिंगर या बाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ तो बांधला, 1915 मध्ये सुरू झाला.

काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, गोष्ट तर अगदी आपल्याकडची वाटते. कोलंबिया काउंटीचं मुख्यालय आधी डॅनव्हिलला होतं. मतदान होऊन ते शेजारच्या ब्लूम्सबर्गला गेलं. डॅनव्हिलकर रुसले, आणि 1850 मध्ये वेगळी माँटूर काउंटी पदरात पाडून घेतली. म्हणूनच ती क्षेत्रफळात राज्यात सगळ्यात लहान. तरी मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि त्यात माणसं अठरा हजार. बाकी मका, सोयाबीन आणि हरणं. संध्याकाळी 54 नंबरच्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. एक हरीण गेलं की मागून दुसरं येतंच.

आता मुद्द्याचं. पत्त्यात डॅनव्हिल लिहिलंय म्हणून घर डॅनव्हिल बरोत असेलच असं नाही. 17821 हा पिनकोड बरोबाहेरही दूरवर पसरलाय. बरोला माहोनिंग टाउनशिपचा (म्हणजे वेगळ्या स्थानिक कारभाराच्या हद्दीचा) वेढा आहे, आणि पूल ओलांडला की रिव्हरसाइड, म्हणजे वेगळी बरो आणि काउंटीसुद्धा वेगळी. शाळा मात्र डॅनव्हिलचीच. नोकरी लागताना राहत्या जागेचा सहा आकडी पीएसडी कोड (स्थानिक करासाठीचा हद्दीचा क्रमांक) मागतात, कारण स्थानिक आयकर तुम्ही जिथे राहता तिथे जातो. पहिल्या वर्षी मी पाकिटावरचा पत्ता बघून बेधडक बरो लिहिलं. घर निघालं टाउनशिपमध्ये. वर्षभराने पत्र आलं, मग दुरुस्तीचे कागद भरत बसले. तुम्ही तसं करू नका. राज्याच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकला की कोड दिसतो.

दुसरं, नदी. मी सांगलीची. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी किती, हे विचारतच मोठी झाले. त्यामुळे इथे घर बघताना सगळ्यात आधी तळघरात उतरले. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक फिकट तपकिरी रेघ होती, वर रंग नवा. घर दाखवणारा म्हणाला, ती ओल आहे. असली ओल मी चांगली ओळखते! 1972 चं ॲग्नेस आणि 2011 चं ली, ही दोन वादळं इथले लोक विसरलेले नाहीत. बांध आहे, पण गावातून माहोनिंग क्रीक हा ओढाही वाहतो. आपल्याकडे निळी रेषा, लाल रेषा बघतो तसा इथे फेमाचा (केंद्र सरकारच्या आपत्ती विभागाचा) पूरनकाशा बघायचा. घराच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा तीस दिवसांनी लागू होतो, तेव्हा ढग बघून घेण्यात अर्थ नाही.

भाड्याची घरं जून-जुलैत मिळत नाहीत, कारण सगळे रेसिडेंट एकाच वेळी बदलतात. एप्रिलमध्येच पक्कं करा. मिल स्ट्रीटजवळ राहिलात तर बरीचशी कामं पायी होतात. हिवाळ्यात घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ कुणी काढायचा, हे भाडेकरारात लिहून घ्या.

आणि कढीपत्ता. सगळा देशी किराणा न्यू जर्सीतल्या एडिसनहून येतो, 80 नंबरच्या हायवेने अडीच तास. आमच्यापैकी कुणीतरी अधूनमधून जातंच. डिकीत जागा आहे का, ते आदल्या रात्री विचारून ठेवा. सकाळी सातला गाडी निघते, आणि आमचे हे कुणासाठी थांबत नाहीत.