क्रिप्टो खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला देताय? या चुका टाळा

जुलै लागला की वेगवेगळ्या नंबरांवरून मला एकच मेसेज येतो: "भाऊ, आयडी-पासवर्ड पाठवतो, तुम्हीच उघडून बघा आन् रिटर्न भरून टाका." मी अमळनेरात रिटर्न भरायचं काम करतो. मागच्या हंगामात कापसाच्या एका व्यापाऱ्याने जिनिंगच्या वजनकाट्याच्या पावतीमागे एक्स्चेंजचा, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या प्लॅटफॉर्मचा, ईमेल, पासवर्ड आणि खाली ईमेलचाही पासवर्ड बॉलपेनने लिहून दिला. पावती टेबलावर ठेवून ते चहा सांगायला बाहेर गेले. ऑफिसात तेव्हा चार अनोळखी माणसं बसली होती. ते परत आल्यावर ती पावती मी त्यांच्यासमोर फाडली आणि चहा पिता पिता दोन्ही पासवर्ड बदलायला लावले.

ही सवय आयकर पोर्टलवरून आली आहे. तिथला पासवर्ड सल्लागाराकडेच असतो, अशी आपल्याकडची वहिवाट. पण आयकर पोर्टलवर तुमचे पैसे पडलेले नसतात, एक्स्चेंजच्या खात्यात असतात. ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक नोंदवहीत, व्यवहार एकदा पक्का झाला की तो उलटवणारा मॅनेजर कुठेच बसलेला नाही.

आणि रिटर्नसाठी मला लागतं तरी काय? शेड्यूल व्हीडीएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या तक्त्यात, नाणं घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची रक्कम आणि विक्रीची रक्कम. एक्स्चेंजवर ट्रेड रिपोर्ट डाउनलोड करायची सोय असते, ती फाइल पाठवा. जुलै २०२२ पासून विक्रीवर कापला जाणारा १ टक्का टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो, त्याच्याशी मी ताळा घालतो. संपलं काम. यापेक्षा जास्त मागणारा सल्लागार असेल तर त्याच्याकडून उठा, मग तो नात्यातला का असेना.

आता माझ्या मनातून न गेलेलं प्रकरण सांगतो. एक इंजिनिअरिंगचा मुलगा, वडिलांची कोरडवाहू शेती. कापसाच्या पैशातले २ लाख ८० हजार त्याने एक्स्चेंजवर ठेवले होते. टेलिग्रामवर त्याला ऑटो-ट्रेडिंगचा बॉट, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम, सापडला. पोरगा हुशार, पासवर्ड दिला नाही. त्याने एपीआय की दिली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला आपल्या खात्यावर काम करू देणारी चावी. पैसे काढण्याची परवानगीही बंद ठेवली. आता कोणी काही नेऊ शकत नाही, असं त्याला वाटलं.

दोन रात्रींत खात्यात ११ हजार उरले. त्याचा रिपोर्ट मी ओळ न ओळ वाचला. एकच कुठलंसं बारकं नाणं चढ्या भावाने घेतलं, चार मिनिटांनी पडत्या भावाने विकलं, पुन्हा घेतलं, पुन्हा विकलं. ज्या नाण्यात गिऱ्हाईक नसतं ते चोर आधीच स्वस्तात घेऊन ठेवतो, चढ्या भावाची विक्री लावतो आणि तुमच्या खात्याला ते घ्यायला लावतो. नंतर तेच पडत्या भावात परत घेतो. पैसे काढण्याची परवानगी लागतच नाही, ट्रेडची पुरते.

"मन्हा पैसा कोठे गया?" वडील मला विचारत होते. त्यांना हे समजावणं मला फार जड गेलं. त्याहून जड पुढचं होतं. त्या शेकडो व्यवहारांतल्या काहींत नफा दिसत होता. क्रिप्टोत एका व्यवहाराचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे लुटल्या गेलेल्या खात्यावर ३० टक्क्यांनी कर निघाला.

नावाजलेल्या सेवाही यातून सुटलेल्या नाहीत. थ्रीकॉमाज या ट्रेडिंग बॉटच्या कंपनीने आधी वापरकर्तेच फिशिंगला, म्हणजे बनावट लिंकांना, फसले असं सांगितलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये एपीआय की फुटल्याचं मान्य केलं. झोपेत पैसा कमवायची घाई असलेल्या नवख्या पोरांना माझं सांगणं आहे, वर्षभर स्वतःच्या हाताने खरेदी-विक्री करा. बॉट हवाच असेल तर त्याला वेगळं, थोड्या पैशांचं खातं द्या. आणि नुसता हिशेब ठेवणाऱ्या अ‍ॅपला फक्त वाचायची परवानगी असलेली की पुरते.

बाकीच्या चुका थोडक्यात. क्रिप्टोचं वॉलेट परत उघडायला मिळणारे १२ किंवा २४ शब्द म्हणजे वॉलेटच. त्यांचा फोटो काढू नका, गॅलरीतून तो क्लाउडवर जातो. माझे शब्द वहीत आहेत आणि वही घरच्या दागिन्यांसोबत आहे. "कस्टमर केअर"ने एनीडेस्क, म्हणजे तुमचा मोबाईल दुरून बघू देणारं अ‍ॅप, टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. ओटीपी मित्रालाही वाचून दाखवू नका. गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून आगाऊ फी मागणारा हा दुसरा चोर असतो, आणि तो पहिल्या चोरीनंतर बऱ्याचदा येतो.

पासवर्ड देऊन बसला असाल तर नुसता तो बदलून थांबू नका, बऱ्याच ठिकाणी जुनी एपीआय की त्यानंतरही चालू राहते. मी आधी सगळ्या एपीआय की उडवायला लावतो, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट, मग ईमेलचा पासवर्ड, मग एक्स्चेंजचा, शेवटी लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्याने. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि एक्स्चेंजला लेखी कळवा.

रिपोर्ट काढता येत नसेल तर लाजू नका, मोबाईल घेऊन ऑफिसला या. पासवर्ड तुम्ही टाका, तोवर मी खिडकीकडे तोंड करून बसतो.