मनिला आणि दावाओला नव्याने आलेल्यांसाठी

फिलिपिन्समध्ये नव्याने आलेल्या आपल्या लोकांच्या तोंडी दोन-तीन महिन्यांत एक वाक्य हमखास येतं. "यांचं स्वतःचं असं काही नाहीच हो. आडनावं स्पॅनिश, बोलणं अमेरिकन, आणि सगळं आयुष्य मॉलमध्ये." मी इथे बरीच वर्षं आहे, माझी मुलं इथल्याच शाळेत वाढली, आणि हे वाक्य मला आजही लागतं. घर, बँक, सिमकार्ड याबद्दल तुम्हाला कुणीही सांगेल. मला जे सांगायचंय ते सहसा कुणी सांगत नाही.

कागदपत्रांचं एवढंच, की एसीआर आय-कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, जपा, आणि दरवर्षी पहिल्या ६० दिवसांत इमिग्रेशन ब्यूरोत करायची वार्षिक नोंद शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. शाकाहारी असाल तर नुसतं "मटण-मासे नको" म्हणून भागत नाही. पालेभाजीतही पातीस, म्हणजे माशांचा खारट रस, किंवा बागूंग, म्हणजे आंबवलेली कोळंबी किंवा मासे, घातलेलं असतं. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा.

हे झालं की पहिल्या मोकळ्या सकाळी, ऊन चढायच्या आत, इंत्रामुरोसला जा. हे तटबंदीच्या आतलं जुनं मनिला. १५७१ मध्ये लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने इथे राजधानी वसवली. आत सान आगुस्तिन चर्च आहे, १६०७ मध्ये पुरं झालेलं. छताकडे नीट बघा. कोरीव नक्षी, उठावाची फुलं, खोल कोनाडे दिसतात, पण त्यातलं काहीही कोरलेलं नाही. सगळं रंगवलेलं आहे. बाहेर आवारात ग्रॅनाइटचे चिनी सिंह बसलेत. मनिलाचा व्यापार चिनी लोकांच्या हातात होता, त्याची ही खूण.

तिथून थोडं चाललं की एका लहानशा चौकात मेलेलं मूल कुशीत घेतलेल्या बाईचा पुतळा लागतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानी सैन्याने केलेल्या कत्तली आणि अमेरिकन तोफांचा मारा यांत या शहरातले सुमारे एक लाख सामान्य नागरिक मेले. तटाच्या आतल्या सात चर्चपैकी सान आगुस्तिन तेवढं उरलं. "इथे जुनं काही दिसत नाही" असं म्हणण्याआधी या पुतळ्यासमोर थोडा वेळ थांबा. जुनं होतं. एका महिन्यात गेलं.

मग सांतियागो किल्ला. होसे रिसालला इथे कोंडलं होतं. डोळ्यांचा डॉक्टर, कवी, कादंबरीकार. ३० डिसेंबर १८९६ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, स्पॅनिश सत्तेने त्याला गोळ्या घातल्या. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या जेमतेम सहा महिने आधीची ही गोष्ट. त्याची शेवटची वाट दाखवायला जमिनीत ब्राँझची पावलं बसवली आहेत, ती किल्ल्यातून निघून आजच्या रिसाल पार्ककडे जातात. त्या पावलांबरोबर चालत जा. शक्य असेल तर ऑफिसातल्या एखाद्या फिलिपिनो सहकाऱ्याला बरोबर घ्या. १९५६ च्या कायद्याने रिसालचं लेखन शाळा-कॉलेजांत शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे प्रत्येकाला त्याच्याबद्दल काही ना काही म्हणायचं असतं. ऑफिसात कामापलीकडे न बोलणारी माणसंसुद्धा तिथे बोलू लागतात, हे मी अनेकदा पाहिलंय. पार्कला लागूनच राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश फुकट. हुआन लुना या फिलिपिनो चित्रकाराचं 'स्पोलियारियम' हे चित्र तिथे आहे, भिंतभर. १८८४ मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. ज्यांना मागास म्हणून राबवलं जात होतं त्यांच्यातल्या एकाने ते काढलं होतं. पुढच्या स्वातंत्र्याच्या चळवळीला त्याने बळ दिलं.

रोजच्या जगण्यातही डोळे उघडे ठेवा. जीपनीत, म्हणजे जीपसारख्या इथल्या लहान बसमध्ये, मागे बसलात तर भाडं हातोहात पुढे जातं. "बायाद पो" म्हणून शेजाऱ्याच्या हातात पैसे द्यायचे, सुटे त्याच वाटेने परत येतात. हा आदराचा 'पो' लावल्याशिवाय वडीलधाऱ्यांशी बोलू नका. कुणाच्या घरी गेलात आणि मुलांनी तुमचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला तर तो नमस्कार आहे, हात मागे घेऊ नका. दावाओला डॉक्टरी शिकायला आलेल्या मुलामुलींनो, तिथली रोजची भाषा बिसाया आहे. वॉर्डात पेशंटला कुठे दुखतंय ते त्याच्या भाषेत विचारता आलं पाहिजे, त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच कानावर पडू द्या.

आता दुखरी बाजू. तुमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रात्रपाळी करून दोन भावंडांची फी भरत असते आणि तिची आई दुबईत किंवा हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळत असते. आजीने वाढवलेल्या मुलांची इथे अख्खी पिढी आहे. मुसलमानांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर या देशात घटस्फोट नाही. लग्न रद्द करून घ्यायला लागणारा पैसा गरिबाकडे नसतो, म्हणून मोडलेले संसार कागदावर तसेच राहतात. अशा कुणाला खोदून विचारू नका.

तुम्हाला 'बुंबाय' म्हणतील. भारतीय माणसाला इथे हेच नाव आहे, मग तो कुठलाही असो. त्याच्याशी 'फाइव्ह-सिक्स' हे व्याजी कर्ज जोडलेलं आहे: पाच घ्या, सहा परत करा. मोटारसायकलवरून बाजारात हप्ते गोळा करणारे आपले लोक, बहुतेक पंजाबी, हा धंदा करतात. भाजीवालीला बँक दारात उभं करत नाही, म्हणून ती त्यांच्याकडे जाते. "बुंबाय घेऊन जाईल" अशी भीती लहान मुलांना घालतात. राग धरू नका. आपण कोण आहोत ते वागण्यातूनच कळू द्या.

अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत सरकारी आकड्यांनुसारच सहा हजारांहून जास्त माणसं मारली गेली. ती मोहीम चालवणारे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ पासून हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत आहेत. दावाओत त्यांना मानणारे घरोघरी आहेत, मनिलात मुलगा गमावलेल्या आया आहेत. या विषयावर ऐका जरूर, निवाडा करू नका. चर्चच्या दारात सांपागिताच्या माळा विकणाऱ्या म्हाताऱ्या दिसतील. सांपागिता म्हणजे आपला मोगराच, इथलं राष्ट्रीय फूल. त्यांच्याकडून माळ घ्या, घासाघीस न करता. रस्त्यात भीक घालायला मात्र १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

हवा कोरडी झाली की मनिलाबाहेर पडा. विगन या जुन्या शहराला रात्रीच्या बसने जा. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन असतात, कापीस म्हणतात त्याला. गोव्यातल्या जुन्या घरांत पाहिले असतील तेच हे शिंपले. नंतर इफुगाओ या डोंगराळ भागातली भातखाचरं. १९९५ पासून जागतिक वारसा आहेत, पण तरुण मुलं शहराकडे जातात आणि बांध ढासळतात, म्हणून मधली काही वर्षं ती धोक्याच्या यादीत होती. तिथल्या बताड गावाला उतरताना गावातलाच वाटाड्या घ्या, मुक्कामही गावातच करा आणि दर सांगतील तो द्या. खाचरांतून मिळकत झाली तरच बांध बांधणारे हात तिथे राहतील.