नवा प्रोसेसर लांबला, तर कोटेशन कसं द्यायचं?

सोलापुरात कॉम्प्युटरची मागणी ठरलेल्या वेळी येते: जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की, दसरा-दिवाळीला आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम तोंडावर आला की. नव्या प्रोसेसरची तारीख याच दिवसांत पुढे गेली, तर मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड) आणि लॅपटॉप बनवणारे अडकतात आणि त्यांच्यामागे मशिन जोडून देणारा दुकानदारही.

आधी उशीर कशामुळे झाला ते बघा. २०२४ मध्ये एएमडी कंपनीची रायझन ९००० ही प्रोसेसरची मालिका ३१ जुलैला येणार होती. पहिल्या मालाचा दर्जा मनासारखा नव्हता म्हणून एएमडीनं ती दोन टप्प्यांत ८ आणि १५ ऑगस्टवर नेली. एवढ्यासाठी गिऱ्हाईक थांबतं. कारखान्यातली प्रक्रियाच जमत नसेल, तर मात्र वाट बघू नका. इंटेलची १० नॅनोमीटर प्रक्रिया (१४ नॅनोमीटरनंतरची चिप बनवायची नवी पद्धत) अशीच रखडली आणि डेस्कटॉपवर ती २०२१ च्या नोव्हेंबरात आली. मधल्या काळात सगळा भार १४ नॅनोमीटरवर पडला आणि २०१८ मध्ये तोच माल अपुरा पडला. इंटेलनं सर्व्हरच्या झिऑन आणि वरच्या कोअर चिप्सना प्राधान्य दिलं, ओढाताण झाली ती स्वस्त प्रोसेसरची. म्हणजे नवा लांबला की जुना स्वस्त होईल, हा हिशेब दर वेळी जुळत नाही.

कोटेशनवर म्हणूनच न आलेल्या प्रोसेसरचं नाव घालू नका. आज पुण्या-मुंबईच्या होलसेलरकडे हातात मिळणारं मॉडेल लिहा, दराची मुदत सात दिवस ठेवा, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवा. गिऱ्हाईक नव्यासाठीच अडून बसलं, तर बयाणा घ्या आणि ‘अमुक तारखेपर्यंत न आल्यास हा पर्याय’ असं लिहून सही घ्या. टॉवेल-चादरीच्या डिझाइनसाठी मशिन घेणाऱ्याला रॅम आणि एसएसडी वाढवून दिली, तर पिढीचा फरक बहुधा जाणवतही नाही.

कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एसएसडी, मॉनिटर आधी घेतले तरी चालतात. बोर्ड आणि रॅम कधीच नाही. एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते. पर्याय म्हणून जुन्या एएम४ वर आलात, तर तिथे डीडीआर४ लागते आणि ती रॅम पडून राहणार.

खरी डोकेदुखी पुढे असते. बोर्ड प्रोसेसरच्या आधी तयार होतात आणि उशिराच्या काळात गोदामात पडून राहतात, जुन्या बायोससकट (बायोस म्हणजे मशिन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम; तो जुना असेल तर नवा प्रोसेसर ओळखत नाही). मग सगळं नवं जोडूनही पंखा फिरतो आणि स्क्रीन काळीच. प्रोसेसर परत पाठवण्याआधी:

१. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या प्रोसेसरला किमान कोणती बायोस लागते ते बघा.
२. बोर्डावर फ्लॅशबॅक बटण (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस बदलणारं) असेल, तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावानं फाइल टाका.
३. २४ पिन आणि ८ पिन दोन्ही केबल लावा, ड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टातच घाला, बटण दाबा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. यूपीएसशिवाय हे करूच नका, मध्येच वीज गेली तर बोर्ड बसू शकतो.

स्वस्त बोर्डांवर बहुधा हे बटण नसतं. त्यासाठी त्याच सॉकेटचा आधीच्या पिढीतला एक साधा प्रोसेसर दुकानात कायम ठेवा. तो लावून बायोस बदला, मग नवा बसवा. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला ठेवू नका, त्यात ग्राफिक्स नसल्यानं वेगळं कार्डही शोधत बसावं लागतं.